भिजू दे जरा

बाबांच्या जुन्या गाडीच्या बोनेटवर, वाइपरच्या थोडं अलीकडे, एक बोटभर जागा अशी आहे की तिच्यावर ऊन आलं की चमक मोडते. बाकीचा गर्द निळा रंग इतक्या वर्षांनीही नीट आहे. त्या जागी मात्र तो धुरकटलेला दिसतो. ती जागा माझ्या हातची आहे.

गाडी बाबांनी नुकतीच माझ्या स्वाधीन केली होती आणि सावली बघून मी ती तीन दिवस एका पाइनच्या झाडाखाली लावली. परत आले तर टपावर आणि बोनेटवर मधाच्या रंगाचे सात-आठ थेंब. वरून कडक, बोटाने दाबलं तर आत अजून लिबलिबीत. बाबांच्या नजरेला पडायच्या आत ते निघायला हवेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आधी नखाने उचकटून पाहिलं, मग प्लास्टिकच्या कार्डाच्या कडेने खरवडलं आणि शेवटी भांडी घासायच्या स्पंजची खरबरीत बाजू घेतली. थेंब गेला. ओल पुसल्यावर त्याच्या जागी एक राखी ढग दिसला आणि तो काही पुसला जाईना.

बाबांनी त्यावरून बोट फिरवलं. रागावले नाहीत. "अगं, झाडाने रंगाला अजून काही केलं नव्हतं," एवढंच म्हणाले. मग कोमट पाण्यात एक जुनं मऊ फडकं बुडवून त्यांनी ते दुसऱ्या थेंबावर ठेवलं आणि माझ्याशी भलत्याच विषयावर बोलत बसले. मी मधूनच फडक्याकडे हात नेला की म्हणायचे, "भिजू दे जरा."

तेव्हापासून मला गाडीवर पडणाऱ्या या नैसर्गिक डागांचा नाद लागला. ते नेमके कशाचे असतात, का चिकटतात, कशाने सुटतात, हे मी शोधत गेले. आणि पहिल्यांदा एक गोष्ट लक्षात आली, ती अशी की आपण ज्याला सरसकट "झाडाचा रस" म्हणतो तो एक पदार्थ नाहीच. त्यात निदान चार वेगवेगळ्या वस्तू आहेत, आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

डिंक आणि राळ यांत आपल्या जुन्या बोलीने फरक ठेवलेलाच आहे, तो आपण गाडीपाशी विसरतो. डिंक हा साखरेच्या लांबच लांब साखळ्यांचा बनलेला. तो पाणी पितो, फुगतो, बऱ्याचदा पूर्ण विरघळतो. राळ पाण्याला दाद देत नाही. तिला स्पिरिट लागतं, टर्पेंटाइन लागतं. तिसरा चीक, वडाचा, उंबराचा, रबराच्या झाडाचा. तो ताजा असताना दुधासारखा असतो आणि साबणाच्या पाण्याने धुतला जातो, पण वाळला की त्यातलं रबर ताणलं जाणारं पापुद्रं बनतं आणि त्यावर स्पिरिटचा फारसा परिणाम होत नाही. आणि चौथी वस्तू झाडाची नव्हेच. पानांच्या खालच्या बाजूला मावा, पिठ्या ढेकूण यांसारखे किडे सोंड खुपसून झाडाचा रस शोषत बसलेले असतात. त्या रसात साखर भरपूर आणि त्यांना हवी असलेली नत्राची द्रव्यं अगदी थोडी. म्हणून ते रस पोटभर पितात आणि जादा साखर थेंबाथेंबाने बाहेर टाकतात. शेतात याला चिकटा म्हणतात. सकाळी काचेवर जे बारीक, दाट, सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसतात ते बहुधा हेच. साखरच ती, साध्या पाण्याने जाते. पण आठवडाभर राहिली तर तिच्यावर काळी बुरशी धरते, आणि मग माणूस म्हणतो, झाडाने रंग काळा केला.

मी पाइनच्या थेंबावर पाणी ओतून ओतून थकले होते, त्याचं कारण हे. पाण्याने राळ सुटत नाही. बाबांचं कोमट फडकं तिला विरघळवत नव्हतं. ते तिला ऊब देऊन मऊ करत होतं.

राळेबद्दल जरा थांबून सांगावंसं वाटतं, कारण तिचा स्वभाव कळला की पुढचं सगळं आपोआप कळतं. पाइनसारख्या झाडाच्या खोडात आणि पानांत राळेच्या स्वतंत्र नळ्या असतात. कुठे फांदी मोडली, किड्याने भोक पाडलं, की तिथे राळ धावून येते. बाहेर येते तेव्हा ती पातळ असते, कारण तिच्यात उडून जाणारी तेलं असतात. पाइनचा तो ओळखीचा वास त्या तेलांचाच. वास उडत जातो तशी राळ घट्ट होते, मग हवा आणि ऊन लागून तिचे रेणू एकमेकांत गुंततात. म्हणजे ती जखमेवर बसलेली खपली आहे. किडा, बुरशी, पाणी, काहीही आत जाऊ नये अशीच ती घडलेली असते. बाल्टिक समुद्राच्या काठी सापडणारा तृणमणी ही अशीच जुनी राळ, 4 कोटी वर्षांच्या आसपासची. जी वस्तू इतका काळ टिकू शकते ती मला दहा मिनिटांत नखाने काढायची होती.

तृणमणी हा शब्द मला फार आवडतो. घासला की गवताची काडी ओढून घेतो, म्हणून तृणमणी. ग्रीक लोक त्याला इलेक्ट्रॉन म्हणत, आणि 1600 साली इंग्लंडचे वैज्ञानिक विल्यम गिल्बर्ट यांनी त्यावरूनच या ओढून घेण्याच्या गुणाला लॅटिनमध्ये नाव दिलं, ज्यातून पुढे 'इलेक्ट्रिक' हा शब्द आला. आजची गाडी कारखान्यात उघड्या पत्र्याची असते तेव्हा तिला रंगाच्या मोठ्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने पहिला थर चढवतात, त्याला इलेक्ट्रोकोट म्हणतात. बोनेटच्या तळाशी असलेल्या थराच्या नावात आणि बोनेटवर पडलेल्या थेंबात अशी एक जुनी सोयरीक आहे.

आणि ही सोयरीक नावापुरती नाही. सुरुवातीच्या मोटारगाड्या घोडागाड्यांसारख्याच रंगवल्या जात. जवसाच्या तेलात कोपालसारखी राळ शिजवून केलेलं व्हार्निश त्यांना लावत. एकेक हात वाळायचा, घासायचा, पुन्हा लावायचा, यात आठवडे जात. 1923 च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीचा ड्यूको हा नायट्रोसेल्युलोजचा, झटपट वाळणारा रंग आला आणि हे काम दिवसांवर, मग तासांवर आलं. त्याआधी बऱ्याच गाड्यांची लकाकी म्हणजे झाडाचीच राळ होती! मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा त्या थेंबाकडे बघायची माझी नजर बदलली. पाइनचं झाड माझ्या गाडीला घाण करत नव्हतं. ते तिच्यावर व्हार्निशचा एक टिपका सोडत होतं. व्हार्निश जसं धरून बसतं तसाच तो टिपका धरून बसला होता, आणि व्हार्निश ज्याने सुटतं त्यानेच तो सुटणार होता.

टर्पेंटाइन कुठून येतं? पाइनची राळ ऊर्ध्वपातनाने तापवली की वर उडतं ते टर्पेंटाइन आणि भांड्यात उरते ती कडक राळ. म्हणजे वाळताना थेंबातून जे उडून गेलं, साधारण तेच त्याला परत दिलं की तो पुन्हा सैल होतो. काट्याने काटा काढणं म्हणतात ते हे. तरी मी रंगावर टर्पेंटाइन वापरत नाही. त्याचा तेलकट थर मागे राहतो, ते हाताला आणि श्वासाला त्रास देतं, आणि त्याहून सौम्य गोष्टींनी काम होतं. पण उपायाचं तत्त्व मला त्यातून पटलं, की डाग कशात विरघळतो ते बघायचं. जोराचा प्रश्न नंतरचा, खरं तर येतच नाही.

आता रंग. मी स्पंज फिरवला तेव्हा माझ्या हाताखाली काय होतं याची मला कल्पना नव्हती. पत्र्यावर इलेक्ट्रोकोट, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट. सगळे मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा-सातवा हिस्सा. त्यातला क्लिअरकोट 40 ते 50 मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाहूनही पातळ. चमक त्याची, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्यंही मुख्यतः त्याच्यातच. तो झिजला की परत वाढत नाही. कोणतंही पॉलिश त्याला भरून काढत नाही, पॉलिश म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअरकोट घासून सपाट करणं. माझा राखी ढग पॉलिशने पुरता जाईल, पण तेवढ्यासाठी तिथला थर पातळ करायचा का, हे ठरवून मी तो तसाच ठेवला आहे.

झाड सोडून वर बसणाऱ्यांकडे येते. पक्ष्यांच्या शिटेने रंग खातो ते तिच्यातल्या आम्लाने, असं आपण ऐकत आलो आहोत. पांढरा भाग युरिक आम्लाचा असतो, ते खरं. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. रंग तपासताना प्रयोगशाळेत शिटेच्या जागी पॅन्क्रिएटिन नावाचं पाचक विकरांचं (एन्झाइमांचं) मिश्रण वापरतात, कारण पचनातून आलेली ती विकरं क्लिअरकोटच्या वरच्या पापुद्र्यातल्या रेणूंचीही साखळी तोडू शकतात. तिसरा भाग उन्हाचा. भर उन्हात गडद रंगाचं बोनेट 70 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. तेव्हा क्लिअरकोट किंचित मऊ होतो, पसरतो. वर शीट वाळून कडक झालेली असते. संध्याकाळी थंड होताना क्लिअरकोट आवळतो तो त्या कडक खड्याच्या आकाराला धरून, आणि धुतल्यावरही तो आकार उमटलेला दिसतो. म्हणून शिटेच्या बाबतीत मी दिवस मोजत नाही, तास मोजते. राळेला दोन दिवस दिले तर चालतं. शिटेला एक दुपारही देऊ नये.

वाळणाऱ्या डिंकाचंही असंच. तो सुकताना आक्रसतो आणि ज्याला चिकटला आहे त्याला ओढतो. फार दिवस राहिला तर क्लिअरकोटला त्या ओढीने बारीक भेगा जातात. तेव्हा भिजू देणं वेगळं आणि पडू देणं वेगळं. बाबांच्या त्या तीन शब्दांत हे दोन्ही होतं, असं मला आता वाटतं. ते डाग दिसल्यावर कधी उद्यावर टाकत नसत, आणि हात लावल्यावर कधी घाई करत नसत.

शीट कधीही कोरडी पुसू नये. तिच्यात बिया असतात, वाळूचे कण असतात, आणि फडक्याखाली तेच पॉलिशपेपरचं काम करतात. परागकणांचंही तेच, दिसायला पीठ, पण सूक्ष्मदर्शकाखाली कित्येकांच्या अंगावर काटे दिसतात. पिवळी धूळ झटकायला फडकं फिरवलं की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे उमटतात. ते दिव्याखाली दिसतात, आणि मग माणूस पॉलिशच्या मागे लागतो. आधी पाण्याची सरळ धार, मगच हात.

माझी आजची रीत सांगते. गाडी सावलीत घेते आणि पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबते. गरम पत्र्यावर कोणतंही औषध काम करायच्या आत उडून जातं आणि मागे स्वतःचा डाग ठेवतं. आधी गाडी भरपूर पाण्याने, मग गाडीच्या शाम्पूने धुते. डिंक, चिकटा, ताजी शीट इथेच संपतात. मेलेले किडे बंपरवर वाळलेले असतील तर ओलं फडकं दहा-पंधरा मिनिटं तसंच पसरून ठेवते. किड्याचं कवच कायटिनचं, ते विरघळत नाही, पण त्याला धरून ठेवणारा प्रथिनांचा चिकट भाग पाण्याने सुटतो.

राळ उरते. तिच्यावर कोमट पाण्याचं फडकं. कोमट म्हणजे हाताला सोसेल इतकंच. उकळतं पाणी कधी नाही, आणि थंड काचेजवळ तर मुळीच नाही, काच तडकू शकते. फडकं गार झालं की पुन्हा बुडवायचं. ताजा थेंब दोन-तीन वेळांत लोण्यासारखा होतो आणि मायक्रोफायबरच्या घडीत उचलला जातो. जुना थेंब नुसता बोथट होतो. त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे स्पिरिटच्याच जातीचं, पाणी घालून सौम्य केलेलं. मी ते रंगावर शिंपडत नाही, फडक्यावर घेते, थेंबावर टेकवते आणि वीस-तीस सेकंद नुसती धरून राहते. मग हलकेच उचलते. जे विरघळलं ते फडक्यावर येतं. फडक्याची दुसरी, स्वच्छ घडी काढायची आणि पुन्हा टेकवायचं. एका जुन्या थेंबाला असं पाच-सहा वेळा करावं लागतं. फडक्याची तीच बाजू पुन्हा वापरली तर विरघळलेली राळ पातळ थराने सगळीकडे पसरते, व्हार्निशचा हात दिल्यासारखी. हे एकदा झालं आहे, आणि ते काढायला मूळ थेंबांपेक्षा जास्त वेळ गेला.

हातांना लावायचं सॅनिटायझर जेल लोक सुचवतात, आणि त्यात अर्थ आहे. त्यातही अल्कोहोलच असतं आणि जेल असल्यामुळे ते उडायला वेळ घेतं, थेंबावर जास्त वेळ टिकतं. अडीअडचणीला मी वापरलं आहे. नंतर जागा नीट धुवायला हवी, कारण त्यातली बाकीची द्रव्यं मागे राहतात. थिनर आणि अ‍ॅसिटोन मात्र मी रंगाच्या जवळही आणत नाही. राळ जाईल, आणि गाडी पूर्वी कधी दुरुस्त करून रंगवलेली असेल तर तिथला रंगही जाईल. पेट्रोलचं नाव काढू नये, एक ठिणगी पुरते. टूथपेस्टमध्ये घासायची पूड असते, ती माझ्या स्पंजचीच धाकटी बहीण. ब्लेड काचेवर चालतं, काच ओली ठेवून, ब्लेड जवळजवळ आडवं धरून. रंगावर कधीच नाही.

कुठलंही रसायन पहिल्यांदा दाराच्या आतल्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी लावून बघावं. फडक्यावर गाडीचा रंग आला तर तिथेच थांबायचं. तो रंग क्लिअरकोटशिवायचा, जुन्या पद्धतीचा तरी असतो किंवा त्याचा क्लिअरकोट गेलेला तरी. नव्याने रंगवलेल्या भागाला रंगाऱ्याने सांगितलेली मुदत संपेपर्यंत पाणी आणि शाम्पूपलीकडे काही लावू नये, आतली द्रावकं अजून बाहेर पडत असतात. मॅट रंगाची गाडी असेल तर ती जात वेगळी, तिला पॉलिशही नको आणि पुढे सांगते ती क्लेही नको, कारण घासून आलेली चमक तिथे डाग म्हणूनच दिसते.

अल्कोहोलनंतरही बोटाला काहीतरी खरबरीत लागत राहिलं तर क्ले बार. मळलेल्या मातीच्या गोळ्यासारखा हा पदार्थ जपानमधून आला, ताडाओ कोदाते यांना 1990 च्या दशकात त्याची पेटंटं मिळाली. पृष्ठभागाच्या वर डोकं काढून बसलेले कण तो उचलतो, खोल गेलेल्या डागाला त्याचा उपयोग नाही. भरपूर निसरडं पाणी लावून, हाताच्या वजनाइतक्याच दाबाने, सरळ रेषेत फिरवायचा. जमिनीवर पडला तर टाकून द्यायचा. इथे काटकसर करू नये, त्याला चिकटलेला वाळूचा एक कण टपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारतो. आणि शेवटी वॅक्स, कारण अल्कोहोलने आधीचं वॅक्स त्या जागेवरून पुसून नेलेलं असतं. वॅक्सने डाग पडायचे थांबत नाहीत. पुढचा थेंब क्लिअरकोटला चिकटायच्या आधी वॅक्सला चिकटतो, एवढी उसंत मिळते.

शिटेचा उमटलेला ठसा धुऊनही राहिला तर मी लगेच पॉलिश काढत नाही. कोमट पाण्याच्या फडक्याने किंवा केस वाळवायच्या यंत्राच्या लांबून दिलेल्या उबेने कधी कधी तो क्लिअरकोट पुन्हा पसरतो आणि ठसा फिका पडतो. नेहमी नाही. मागच्या पावसाळ्याआधी एक ठसा असाच जवळजवळ मिटला, त्या संध्याकाळी मी बाबांना मुद्दाम खाली बोलावून दाखवला होता. त्यांनी चष्मा वर करून, मान तिरकी करून, कडेच्या उजेडात बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "कुठे होता?"

बाबा आता गाडी चालवत नाहीत. पण गाडी धुवायला काढली की खुर्ची घेऊन सावलीत येऊन बसतात. आज सकाळी टपावर पुन्हा दोन थेंब होते, या वेळी कुठल्या झाडाचे कोण जाणे, मधाहून गडद. मी धुवून घेतलं, फडकं कोमट पाण्यात बुडवून पिळलं आणि दोन्हींवर पांघरलं. वास आला, पाइनचाच. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. आम्ही बोलत बसलो. थोड्या वेळाने मी फडक्याची कड उचलून पाहिली. एका थेंबाची कड सुटली होती, त्याखालून निळा रंग स्वच्छ दिसत होता. दुसरा अजून घट्ट होता. मी फडकं पुन्हा बुडवून त्याच्यावर ठेवलं.